जावयाचं सॉफ्टवेअर

सॉफ्टवेअर बसवून अठरा दिवस झाले होते आणि अठराही दिवस सासऱ्यांनी जावयाला एकच उत्तर दिलं होतं.

"कसं चाललंय, बाबा?"

"फार छान चाललंय, जावईबापू."

आता सासरे काही खोटं बोलणारे गृहस्थ नव्हते. "हे बटण तुमच्या कोटाला शोभणार नाही," असं तोंडावर सांगून हातातलं गिऱ्हाईक घालवणारा माणूस. पण जावयाच्या कामाला नाव ठेवायचं नाही, हा त्यांच्या घरातला कायदा होता. मागे एकदा जावयाने हौसेने मोरीतला नळ दुरुस्त केला होता. त्यानंतर आठवडाभर सगळं घर शेजाऱ्यांकडून बादल्या भरून आणत होतं आणि "आता थेंबसुद्धा गळत नाही हं!" म्हणून जावयाचं कौतुक करत होतं. नळ खरंच गळत नव्हता. तो उघडतच नव्हता.

दुकान बटणांचं होतं. चेन, लेस, अस्तर हेही मिळायचं, पण खरी ख्याती बटणांची. गावातले झाडून सगळे टेलर तिथे यायचे. खाली लांबलचक फळीवर तीन काउंटर. एकावर स्वतः सासरे, दुसऱ्यावर त्यांची धाकटी मुलगी, म्हणजे जावयाची मेव्हणी, आणि तिसऱ्यावर मावशी. या मावशी खरं तर कुणाच्याच मावशी नव्हत्या, पण वीस वर्षं दुकानात काम करून सगळ्यांच्या झाल्या होत्या. वर माळा. माळ्यावर चौदा हजार प्रकारची बटणं आणि एक मामा. हे मामा सासूबाईंचे सख्खे भाऊ. कुठल्या डब्यात कुठलं बटण आहे, हे फक्त त्यांना ठाऊक.

पूर्वी सगळा कारभार ओरडून चालायचा. खालून मावशी ओरडायच्या, "मामाऽ, बदामी, दोन भोकांचं, मोठंऽ!" वरून आवाज यायचा, "आहेऽ!" नाहीतर "संपलंऽ!" एकाच वेळी तिघं ओरडली की मामा उत्तर एकच द्यायचे आणि ते कुणाला दिलंय यावर खाली वाद व्हायचा. हे पाहूनच जावयाच्या डोक्यात सॉफ्टवेअरचा किडा वळवळला.

किडा साधासुधा नव्हता. सहा महिन्यांपूर्वी जावयाने त्याच्या पायी भरल्या ताटासारखी नोकरी सोडली होती. दुकानदारांसाठी सॉफ्टवेअर करायचं, स्वतःचं, स्वतंत्र! बायको शाळेत शिकवायची. तिने वर्गात सांगावं तितक्या स्वच्छ शब्दांत सांगितलं होतं, "सहा महिने देते. तेवढ्यात बाबांचं दुकान सोडून एक, फक्त एक, परकं गिऱ्हाईक आण. नाही आणलंस तर मुकाट्यानं जुन्या नोकरीवर जायचं." जुन्या ऑफिसनेही जागा राखून ठेवली होती आणि येत्या शुक्रवारपर्यंत कळवा म्हणून निरोप धाडला होता. सहा महिन्यांत गळाला लागलेला मासा एकच. शहरात बटणांची पाच दुकानं असलेले एक व्यापारी, ज्यांना सगळे पाचदुकानवाले म्हणत. ते गुरुवारी अकरा वाजता दुकानात येऊन सॉफ्टवेअर चालताना पाहणार होते. म्हणजे गुरुवारी जमलं तर जमलं, नाहीतर शुक्रवारी गळ्यात पुन्हा ऑफिसचा पट्टा.

जावई हुशार होता, यात शंका नाही. त्याने माळ्यावर मामांच्या शेजारी एक मोठं मशीन बसवलं, म्हणजे सर्व्हर. त्याच्या पोटात चौदा हजार बटणांची माहिती. खाली प्रत्येक काउंटरवर एकेक छोटं मशीन. छोट्याने विचारायचं, मोठ्याने सांगायचं. प्रश्न एवढाच होता, की विचारायचं कसं. आणि इथेच पोराचं गणित चुकलं.

पहिल्या आठवड्यात त्याने ठरवलं, की खालच्या मशीनने वरच्याला सतत विचारत राहायचं. मेव्हणीने नुसता "ब" दाबला, की खालचं मशीन धावत वर जायचं, "ब वरून काय काय आहे?" वरचं बिचारं आठशे नावं खाली पाठवायचं. तिने पुढचं अक्षर दाबलं, की पुन्हा वर, पुन्हा खाली. तिन्ही काउंटरवर गिऱ्हाईक असलं की मोठ्या मशीनला धाप लागायची. "बदामी" हा शब्द पुरा होईपर्यंत टेलर समोर जाऊन चहा पिऊन, कपबशी परत करून यायचा.

"कसं चाललंय, बाबा?"

"फार छान. विचार करून उत्तर देतं. पोक्त आहे मशीन."

जावई खूश झाला. पण कामाचा माणूस स्वस्थ बसत नाही. दुसऱ्या आठवड्यात त्याला आपणहून वाटलं, की इतक्या फेऱ्या हव्यात कशाला? रोज सकाळी सगळाच्या सगळा माल, फोटोंसकट, तिन्ही मशीनांना देऊन टाकू. मग दिवसभर वर विचारायलाच नको! त्याने मोठ्या प्रेमाने प्रत्येक बटणाचा ताटाएवढा फोटो काढला. झालं काय, की नऊला दुकान उघडायचं आणि मशीनं अकराला. तोवर पडद्यावर "कृपया थांबा" ही पाटी आणि गरगरणारं एक चाक.

आणि अकरानंतर वेगळीच गंमत. प्रत्येक मशीनकडे मालाची आपापली प्रत. शेजारच्याने काय विकलं हे कुणालाच कळायचं नाही. एका मंगळवारी पितळी बटणांचा शेवटचा डबा होता. तो सासऱ्यांनी विकला, मेव्हणीने विकला आणि मावशींनीही विकला, तोही दहा मिनिटांच्या आत. डबा एक, टेलर तीन, आणि तिघांचेही कोट त्याच संध्याकाळी द्यायचे! शेवटी सासरे स्वतः भर उन्हात शहराच्या दुसऱ्या टोकाला गेले आणि दुसऱ्या दुकानातून दोन डबे घेऊन आले.

संध्याकाळी जावयाचा फोन आलाच. "आज कसं काय, बाबा?"

"फार छान, जावईबापू," सासरे पाय चेपत म्हणाले. "विक्री तिप्पट झाली."

मेव्हणीच्या ओठांवर दहादा खरं आलं होतं. पण आईने तिला शपथ घातली होती. "नोकरी सोडून बसलाय तो. त्याचं मन मोडलंस तर बघ!" त्यामुळे तीही फोनवर गोड आवाजात म्हणायची, "भाऊजी, मस्तच!"

मग त्या मंगळवारनंतर दुकान चालत कसं होतं? तर टोपलीवर. जावयाने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, की मशीन आल्यावर कुणी ओरडायचं नाही, शोभत नाही. जावयाचा शब्द म्हणजे शब्द! म्हणून कुणी ओरडलं नाही. माळ्याच्या चौकटीतून एक टोपली दोरीला बांधून खाली सोडली, तिच्यात चिठ्ठी टाकायची आणि मामांनी ओढायची. जावई भला माणूस असल्यामुळे येण्याआधी न चुकता फोन करायचा, "येऊ का?" "या की!" म्हणताच टोपली वर जायची, मशीनांवरची फडकी निघायची आणि एखादा ओळखीचा टेलर काउंटरवर उभा राहून मोठ्याने पांढरी शर्टाची बटणं मागायचा, कारण मशीनला ती मात्र पटकन सापडत.

गुरुवारी सकाळी जावई पहाटेच उठून बसला. अकराची वाट बघवेना. साडेनऊलाच, फोनबिन न करता, तो दुकानात हजर झाला.

दुकानात ही गर्दी! तो एका अस्तराचा तागा घेतलेल्या टेलरच्या मागे अडकला आणि ताग्याच्या आडून त्याला दिसलं, की तिन्ही मशीनांवर फडकी टाकली आहेत. मावशींच्या मशीनवर तर लेसची रिळं सुकत घातल्यासारखी मांडली होती. आणि मधोमध एक टोपली वर जात होती आणि खाली येत होती.

"भाऊजी!" मेव्हणी किंचाळली.

सासरे उठून उभे राहिले, पुन्हा बसले. मावशींनी घाईघाईने रिळं गोळा केली आणि त्यातली दोन पायरीवरून घरंगळत रस्त्यावर गेली.

"हे काय आहे?" जावयाने टोपलीकडे बोट दाखवलं.

"ती होय," सासरे म्हणाले, "ती आपली... हवेशीर."

"बाबा, मशीन चालत नाही ना?"

"छे छे! फार छान चालतं. जरा थांबून चालतं, इतकंच."

जावई मटकन स्टुलावर बसला. अठरा दिवसांचे अठरा फोन त्याच्या डोळ्यांपुढून गेले. रडू येण्याइतकं त्याला वाईट वाटलं आणि लाज तर त्याहून जास्त. पण त्याचं डोकं मुळात कामाचं. डोळे भरलेले असतानाही तो टोपलीकडे बघत राहिला. आणि बघता बघता त्याला जाणवलं, की ही टोपली त्याच्या दोन्ही सॉफ्टवेअरपेक्षा शहाणी आहे.

"एकेक चिठ्ठी लगेच का पाठवत नाही तुम्ही?" त्याने विचारलं.

"मामा ओढत नाही," मेव्हणी म्हणाली. "खांदा दुखतो त्याचा. म्हणतो, पाच-सहा साचू द्या, मग एकदम ओढीन."

"आणि उत्तर?"

"तेही एकदमच. ज्याचं त्याच्या चिठ्ठीवर. विचारलं तेवढंच लिहितो. जास्त लिहायचा कंटाळा."

"रोज लागणारी बटणं?"

"ती त्यानंच खाली आणून ठेवलीत, हे बघा, ट्रेमध्ये. म्हणाला, पांढऱ्या बटणासाठी मला उठवाल तर याद राखा."

"आणि शेवटचा डबा गेला तर? त्या मंगळवारी विक्री तिप्पट..." इथे जावई थांबला, कारण मंगळवारी काय झालं असेल ते त्याला आता कळलं.

"तसा डबा संपला की मामा तीन लाल चिठ्ठ्या खाली टाकतो, प्रत्येक काउंटरला एक. म्हणजे पुन्हा कुणी विचारून छळायला नको."

जावयाने कपाळावर हात मारून घेतला. मोजकं विचारायचं, एकदम विचारायचं, रोजचं जवळ ठेवायचं आणि बदललं तेवढंच कळवायचं! दोन महिने पुस्तकं चाळून त्याला जे ठरवता आलं नव्हतं, ते मामांनी एका दुखऱ्या खांद्याच्या जोरावर ठरवून टाकलं होतं. जगातली निम्मी चांगली व्यवस्था अंग चोरणाऱ्या माणसांनीच लावली आहे, पण त्यांना त्याचं श्रेय घ्यायचाही कंटाळा असतो.

"हे असं मशीनला शिकवायला किती वेळ लागेल?" सासऱ्यांनी विचारलं.

"तीन आठवडे."

"आणि ते पाचदुकानवाले?"

"दीड तासानं येतायत."

"आलोच की!" दारातून आवाज आला. पायरीवर पाचदुकानवाले उभे होते, दोन्ही हातांत रस्त्यावर सापडलेली लेसची रिळं घेऊन. "मी सांगतो त्याच्या आधीच जातो. नाहीतर लोक दुकान सजवून ठेवतात."

जावयाने खरं सांगायला तोंड उघडलं. पण त्याआधी सासऱ्यांनी त्याचा दंड धरला आणि कानात म्हणाले, "तुम्ही फक्त उभे राहा, जावईबापू. तुमची इज्जत ती आमची इज्जत." आणि डोळ्याने त्यांनी मेव्हणीला अशी खूण केली, की ती बरोबर समजली. फडकी निघाली. लेस लटकवण्याची दांडी सरकली आणि टोपली लेसच्या पडद्याआड गेली.

पाचदुकानवाल्यांनी खिशातून मूठभर बटणं काढून फळीवर पसरली. "हे बघू. राखाडी, चार भोकांचं."

मेव्हणीने मशीनवर दहाही बोटांनी धो धो टाइप केलं. पडद्यावर चाक गरगरत होतं. पण पडदा तिच्या बाजूला होता. मावशींनी खरडलेली चिठ्ठी लेसच्या मागे गेली. सासऱ्यांना मोठा खोकला आला, त्यात दोरीची करकर बुडाली. चिठ्ठी खाली आली.

"सतरा डबे," मेव्हणी पडद्याकडे बघत म्हणाली, "त्यातला एक फुटका."

"मशीनला फुटका डबासुद्धा कळतो?" पाचदुकानवाल्यांच्या भुवया वर गेल्या.

"कळतो," सासरे म्हणाले. "बारकाईनं केलंय जावईबापूंनी."

जावई मान खाली घालून उभा होता. पाचदुकानवाल्यांनी हिरवं विचारलं, शिंपल्याचं विचारलं, लहान मुलांच्या झबल्याचं विचारलं. मेव्हणी टाइप करायची, सासरे खोकायचे, उत्तर यायचं. दुकानाला आता रंग चढला होता. मावशी तर न विचारता म्हणाल्या, "शेवटचा डबा संपला की आपोआप लाल होतं हो!"

आणि लाइट गेली.

तिन्ही पडदे काळे पडले. पण मेव्हणी एव्हाना ऐन भरात होती. तिने काळ्या पडद्याकडे बघत ठसक्यात सांगितलं, "जांभळं, दोन भोकांचं, तीन डबे, खिडकीकडच्या रांगेत."

पाचदुकानवाले वाकले. फळीवरून मान पुढे घालून त्यांनी पडदा पाहिला. मग पडद्याच्या खाली पाहिलं. "हे बंद आहे," ते म्हणाले.

तेवढ्यात माळ्यावरून, अठरा दिवसांची बंदी मोडून, मामांचा खणखणीत आवाज आला, "त्या पाचदुकानवाल्याला म्हणावं, चिठ्ठ्या साचू देऽऽ! माझा खांदा गेलाऽऽ!" आणि हातातून दोरी सुटली म्हणा किंवा सोडली म्हणा, टोपली लेसच्या पडद्यासकट खाली आली.

सासऱ्यांनी पुन्हा खोकायला सुरुवात केली. पण जावयाने त्यांच्या हातावर हात ठेवला.

"पुरे, बाबा," तो म्हणाला आणि पाचदुकानवाल्यांकडे वळला. "तुम्ही पाहिलंत ते सॉफ्टवेअर नाही. ते मामा आहेत. माझं सॉफ्टवेअर चालत नाही. कसं चालायला हवं ते मला आज साडेनऊला कळलं. तुम्हाला फसवायचं नव्हतं, माफ करा. यांनी जे केलं ते माझ्यासाठी केलं."

बोलताना त्याच्या डोळ्यांपुढे शुक्रवार दिसत होता. पाचदुकानवाले स्टूल ओढून बसले. पाणी मागितलं, अख्खा तांब्या प्यायले.

"माझ्या पाचही दुकानांत मशीनं आहेत," ते हळूच म्हणाले.

"आहेत?" जावई चमकला. "मग माझं कशाला बघायला आलात? ती कुणी केली?"

"थोरल्या जावयानं."

सासऱ्यांनी मान वर केली. दोन सासरे एकमेकांकडे बराच वेळ बघत राहिले.

"फार छान चालत असतील," सासरे म्हणाले.

"फार छान," पाचदुकानवाले म्हणाले. "तुमच्याकडे निदान टोपली आहे हो! आमच्याकडे पाच दुकानं, मधे रहदारीचे रस्ते. एकेक बटण विचारायला माणसं सायकलवरून धावतात. जावई संध्याकाळी विचारतो, कसं चाललंय? काय सांगू? जीभ रेटत नाही."

मग त्यांनी जावयाला नखशिखांत न्याहाळलं. "तुम्ही माझे कोण लागता?"

"मी? कोणीच नाही."

"तेच पाहिजे मला! ही टोपली आहे ना, तशीच्या तशी मशीनमध्ये घाला. पाचही दुकानांना. बिघडलं तर मी फोन करून तुम्हाला वाट्टेल ते बोलणार. चालेल?"

"चालेल," जावई म्हणाला.

"आणि आमच्या जावयाला तुम्हीच सांगायचं, की त्याचं मशीन काढावं लागेल. ते काम धरून बोलतोय मी." एवढं बोलून, फळीवरच कागदावर लेखी ऑर्डर देऊन, पाचदुकानवाले गेले. जाताना मामांसाठी म्हणून खांद्याला चोळायच्या तेलाचं नाव सांगून गेले.

ते गेल्यावर जावयाने स्टूल सासऱ्यांच्या समोर ओढलं आणि एक कोरी वही उघडली. "बाबा, आता तरी सांगा. काय काय चुकलंय?"

"तसं काही नाही हो जावईबापू, फार छा—"

"बाबा, पाच दुकानांत घालायचंय ते मला!"

सासऱ्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. अठरा दिवसांचं साचलेलं त्यांच्या गळ्यापर्यंत आलं होतं, ते स्पष्ट दिसत होतं.

"लिहून घे," ते म्हणाले. "अरे गाढवा, माणसानं एक अक्षर दाबलं की ते वर कशाला पळतं? शब्द तरी पुरा होऊ दे की त्याचा! लिहिलंस? पुढचं. बटणाचा फोटो ताटाएवढा? जेवायचंय का त्यात? आणि त्या मंगळवारी भर उन्हात माझे पाय..."

"पायांचं नंतर," मेव्हणी मधेच घुसली. "आधी माझं! भाऊजी, ते चाक फिरतं ना, त्याकडे बघून मला गरगरतं!"

"ओरडू नका म्हणालात ते सगळ्यात वाईट," मावशी म्हणाल्या. "वीस वर्षांची सवय हो."

जावई भराभर लिहीत होता. नोकरीत असताना साहेबांनी त्याला पुष्कळदा झापलं होतं, पण इतकं बरं कधी वाटलं नव्हतं. तिसरं पान भरलं तेव्हा बायकोचा फोन आला. शाळेची मधली सुट्टी झाली होती.

"काय रे, आले का ते? काय म्हणाले?"

"ऑर्डर मिळाली. पाच दुकानांची. ते नंतर सांगतो, आत्ता बाबा ओरडतायत."

"कुणावर?"

"माझ्यावर."

"तुझ्यावर? आमचे बाबा? खरंच?"

"गाढव म्हणाले मला."

"अय्या!" ती म्हणाली. तिचा आनंद फोनमधून ओसंडून वाहत होता. "म्हणजे आता बोलायचं? मग शाळा सुटली की मी पण येते तिथं. मलाही बरंच सांगायचंय."

जावयाने फोन ठेवला आणि वहीत तिच्यासाठी चार पानं कोरी सोडली.